जटायूचा चेहरा

‘सिनेमा पाहिला की पुस्तक संपले,’ हा अभिप्राय आपल्या सुशिक्षित घरांतून इतक्या ठामपणे दिला जातो की त्याची उलटतपासणी करण्याची गरज कोणाला वाटत नाही. चित्रांच्या बाबतीतही अशीच एक समजूत रूढ आहे. पहिली-दुसरीच्या पुस्तकात चित्र हवे, कारण मुलाला अजून नीट वाचता येत नाही. वाचता येऊ लागले की चित्रे कमी व्हावीत आणि मोठ्यांच्या पुस्तकात ती नसावीतच. म्हणजे चित्र ही कुबडी आणि चित्रपट हा वाचनाचा वैरी! या समजुतीचे वयही थोडेथोडके नाही. इ. स. ६०० च्या सुमारास पोप ग्रेगरी यांनी मार्सेयचे बिशप सेरेनस यांना लिहिलेल्या पत्राचा उल्लेख सेमिनरीच्या वर्गात हमखास होत असे. लोक चित्रांची पूजा करतील या भयाने बिशपमहाशयांनी चर्चमधील चित्रे फोडून टाकली होती. पोपनी त्यांना खडसावले आणि चित्रांची बाजू घेतली. मात्र ती घेताना युक्तिवाद असा केला की, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्र हेच पुस्तक होय. चित्रे वाचली, ही गोष्ट मोठीच झाली; पण त्याचबरोबर चित्राचे स्थानही ठरून गेले. अक्षर नसेल तेथे चित्र.

मग ज्यांना अक्षर उत्तम येते त्यांना चित्र कशाला हवे? आणि ज्यांनी पुस्तक वाचले आहे त्यांना त्याचाच चित्रपट कशाला हवा? या प्रश्नांना ग्रंथांतून उत्तरे देणारे पुष्कळ असतील. कोलकात्याच्या एका घराण्याने ती तीन पिढ्या प्रत्यक्ष कामातून दिली. उपेंद्रकिशोर रायचौधुरी, त्यांचे पुत्र सुकुमार राय आणि नातू सत्यजित राय. सत्यजितबाबूंना आपण ‘पथेर पांचाली’चे दिग्दर्शक म्हणून ओळखतो आणि आदराने थोडे दूरच ठेवतो. महोत्सवांत दाखवले जाणारे, गंभीर, संथ असे काहीतरी, अशी आपली कल्पना. परंतु हाच मनुष्य जन्मभर मुलांसाठी गोष्टी लिहीत होता, त्यांची चित्रे स्वतः काढीत होता आणि त्यांतील काहींचे चित्रपटही करीत होता. या तिन्ही कामांची त्याने जी गंमतशीर सरमिसळ केली, तिच्याकडे मराठी वाचकांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

आजोबांपासून सुरुवात करू. उपेंद्रकिशोर हे लेखक, चित्रकार, व्हायोलिनवादक आणि मुद्रक. मुलांसाठी लिहिलेल्या आपल्या रामायणातील चित्रांची ठशांच्या छपाईत झालेली दुर्दशा पाहून ते स्वस्थ बसले नाहीत. परदेशातून यंत्रसामग्री मागवून १८९५ मध्ये त्यांनी स्वतःचा छापखाना उभारला. ठिपक्यांच्या साहाय्याने छायाचित्र छापण्याची जी हाफटोन पद्धत, तिच्यावरील त्यांचे निबंध विलायतेतील मुद्रकांच्या वार्षिकात छापले जात. १९१३ मध्ये त्यांनी मुलांसाठी ‘संदेश’ हे मासिक काढले. संदेश म्हणजे निरोप आणि संदेश म्हणजे बंगाली मिठाईही, नावातच श्लेष. सुकुमारबाबू छपाईचे शास्त्र शिकण्यासाठी इंग्लंडला जाऊन आले आणि वडिलांच्या पश्चात मासिक सांभाळू लागले. त्यांच्या ‘आबोल ताबोल’ या विक्षिप्त कवितांच्या पुस्तकात शब्द आणि रेषा इतकी एकजीव आहेत की चित्र झाकून कविता समजावून सांगणे अशक्य व्हावे. अर्धा प्राणी शब्दांत, अर्धा चित्रात. पुस्तकाची मांडणी आजारपणात बिछान्यावरून करून ते १९२३ च्या सप्टेंबरात निवर्तले. पुस्तक त्यानंतर काही दिवसांनी बाहेर आले. सत्यजित तेव्हा अवघे सव्वादोन वर्षांचे होते.

सत्यजित हे चित्रपटाकडे आले तेही पुस्तकाच्या पानावरूनच. एका जाहिरात कंपनीत चित्रकार म्हणून नोकरी करीत असताना सिग्नेट प्रेस या प्रकाशनासाठी ते मुखपृष्ठे करीत. १९४४ च्या सुमारास त्यांच्याकडे विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’ची मुलांसाठी केलेली संक्षिप्त आवृत्ती चित्रांसाठी आली. तिचे नाव ‘आम आँटिर भेंपू’, म्हणजे आंब्याच्या कोयीची पिपाणी. याचा उत्तम चित्रपट होईल, असे प्रकाशक दिलीपकुमार गुप्त यांनी बोलून दाखवले. पुढे चित्रपट करायचा ठरला तेव्हा सत्यजितबाबूंनी निर्मात्यांपुढे ठेवली ती शाईने रंगवलेल्या चित्रांची वही. रीतसर लिहून काढलेली पटकथा अशी नव्हतीच. चित्रे पाहून निर्माते हसले असतील किंवा गोंधळले असतील. पैसे मात्र मिळाले नाहीत. १९५५ मध्ये चित्रपट पूर्ण झाला तो अनेक खटपटींनंतर. ती वही २०१६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आहे. म्हणजे क्रम पाहा : कादंबरी, तिची मुलांसाठी आवृत्ती, तिची चित्रे, चित्रांवरून चित्रपट, आणि चित्रपटाच्या चित्रांचे पुन्हा पुस्तक. यात कोणी कोणाला मारलेले दिसत नाही. विभूतिभूषणांची कादंबरी आजही वाचली जाते.

तथापि ‘पथेर पांचाली’त खेळकरपणा नाही, तिथे चित्र हे चित्रपटाचे सेवक आहे. खरी मौज १९६९ च्या ‘गुपी गाइन बाघा बाइन’मध्ये सुरू होते. गोष्ट आजोबांची, १९१५ च्या ‘संदेश’मधली, चित्रेही आजोबांची. ज्या नातवाने आजोबांना पाहिलेसुद्धा नव्हते (ते १९१५ च्या डिसेंबरातच वारले) तो आपल्या मुलाच्या हट्टावरून ती पडद्यावर आणतो. बेसूर गाणारा गुपी आणि बेताल ढोल बडवणारा बाघा या दोघांना गावाने हाकलून दिले आहे. रानात त्यांची भुतांच्या राजाशी गाठ पडते आणि तो त्यांना तीन वर देतो. चित्रपटातील वेषभूषा, गीते आणि संगीतही सत्यजितबाबूंचेच आहे. इतकेच काय, यमकांत बोलणाऱ्या त्या भूतराजाचा यंत्राने बदललेला आवाजही त्यांचाच!

या चित्रपटातील भुतांचे नृत्य सहा मिनिटांहून अधिक चालते. त्यात शब्द एकही नाही. मृदंगम्, घटम्, खंजिरा आणि मोरसिंग या दाक्षिणात्य वाद्यांच्या तालावर भुतांचे चार वर्ग नाचतात. राजेलोक, साधे कष्टकरी, कंपनी सरकारच्या काळातील साहेब, आणि खाऊनपिऊन सुखी असे जाडजूड लोक. या चौथ्या वर्गात शेठजी आणि भटजी यांच्या जोडीला एक लठ्ठ पाद्रीही आहे. (आमच्या पेशाची ही नोंद मी विनातक्रार मान्य करतो.) चारही वर्ग आपसांत भांडून संपतात आणि मेल्यानंतरही भांडतच असतात. शेवटी पडद्यावर चार रांगा एकावर एक रचलेल्या दिसतात, जणू मंदिराच्या भिंतीवरील शिल्पपट्ट किंवा मुलांच्या पुस्तकाचे सजवलेले पान. पडद्याला खोली असते, माणूस दूर जातो व जवळ येतो, हे चित्रपटाचे मोठे भांडवल. ते भांडवल दिग्दर्शकाने येथे जाणूनबुजून बाजूला ठेवले आणि चित्रपटाला कागदासारखे सपाट होऊ दिले. मला या सबंध विषयाचे मर्म या जागी सापडते. तीन कलांचा खेळ रंगतो तो प्रत्येकीने आपले सर्व सामर्थ्य दाखवल्यामुळे रंगतो, असे नव्हे. एकीने आपला हक्क थोडा सोडून दुसरीला बसायला जागा करून दिली की तो रंगतो. पैशांअभावी हा चित्रपट कृष्णधवल करावा लागला आणि केवळ अखेरच्या प्रसंगात रंग आले, तेव्हा तेही रंगीत पान पुस्तकाच्या शेवटी जोडावे तसे शोभून गेले!

याच चित्रपटात शुंडीचा भोळा राजा आणि हल्ल्याचा राजा या दोन्ही भूमिका एकाच नटाने केल्या आहेत. त्यांचे नाव संतोष दत्त. व्यवसायाने वकील, टक्कल पडलेले, चेहऱ्यावर सदैव थोडे आश्चर्य. या चेहऱ्याने पुढे जे केले ते साहित्याच्या इतिहासात विरळा असेल.

१९६१ मध्ये सत्यजितबाबूंनी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्या साथीने बंद पडलेले ‘संदेश’ पुन्हा सुरू केले, आणि मासिक भरण्यासाठी लिहिता लिहिता ते स्वतः कथाकार झाले. १९६५ मध्ये तेथे फेलूदा हा तरुण गुप्तहेर अवतरला. त्याच्या गोष्टी त्याचा चुलतभाऊ तोपशे सांगतो. अशोक जैन यांच्या अनुवादामुळे मराठी मुलांनाही आता फेलूदा परका राहिलेला नाही. १९७१ च्या ‘सोनार केल्ला’ या कादंबरीत या दोघांना आगगाडीत एक तिसरा भेटतो : लालमोहन गांगुली. हे गृहस्थ ‘जटायू’ या टोपणनावाने भरमसाट विकली जाणारी साहसपुस्तके लिहितात आणि त्यांतील उंट, वाळवंट, हत्यारे यांविषयीच्या माहितीत ढळढळीत चुका करतात. त्यांच्या नायकाची उंची साडेसहा फूट. स्वतः जटायू मात्र बुटके आणि भित्रे. लेखकानेच लेखक या प्राण्याची केलेली ही थट्टा. कादंबरीसोबत अर्थातच सत्यजितबाबूंची स्वतःची चित्रे होती आणि त्यांत जटायूचा एक चेहरा होता.

१९७४ मध्ये ‘सोनार केल्ला’चा चित्रपट झाला. जटायूच्या भूमिकेत संतोष दत्त आले. आणि त्यानंतरच्या पुस्तकांत सत्यजितबाबूंनी आपल्याच पात्राचा चेहरा बदलून टाकला! पुढील सर्व चित्रांतून जटायू संतोष दत्तांसारखे दिसू लागले. केवळ चेहराच बदलला असे नाही. लेखनातही हे गृहस्थ हळूहळू अधिक प्रेमळ, अधिक विश्वासू होत गेले. पुस्तकावरून चित्रपट निघणे हे नित्याचे आहे. चित्रपटाने उलट फिरून पुस्तकाच्या आत शिरावे, चित्रकाराने आपली रेषा पुसून नटाला जागा द्यावी आणि लेखकाने त्या रेषेच्या मागोमाग आपले शब्द न्यावेत, हे नित्याचे नाही.

हे चांगले झाले की वाईट? येथे भक्तिभावाने मान डोलावून चालणार नाही. हानी उघड आहे. १९७१ चा वाचक आपल्या मनात जटायूला हवा तसा रंगवू शकत होता. लेखकाने काढलेले चित्रही त्याला फक्त एक सूचना होती. १९७४ नंतर ते स्वातंत्र्य उरले नाही. ज्याने चित्रपट पाहिला नाही त्याच्याही हाती पुस्तकातून तोच चेहरा ठेवला गेला. ‘सिनेमाने कल्पनाशक्ती मरते’ असे म्हणणाऱ्या पालकांच्या बोलण्यात तथ्याचा अंश आहे तो एवढा, आणि तो मी नाकारणार नाही. लाभ कोणता? लाभ असा की जटायू हे पात्र नुसते हास्यास्पद राहिले असते ते माणूस झाले. कागदावरील विनोदी पात्र लेखकाच्या मुठीत असते. जिवंत नटाच्या चेहऱ्यावर लेखकाने न लिहिलेलेही काही असते. सत्यजितबाबूंनी ते पाहिले आणि आपल्या निर्मितीपेक्षा ते अधिक खरे आहे असे मानले. लेखकाच्या अंगी इतका विनय क्वचितच आढळतो. माझा कौल, हानी मान्य करूनही, लाभाच्या बाजूने आहे. १९८८ मध्ये संतोष दत्त वारले. फेलूदाचा चित्रपट आता आपल्याला करवणार नाही, अशी भावना सत्यजितबाबूंनी बोलून दाखवली, आणि १९९२ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत तो त्यांनी केलाही नाही. पुस्तके मात्र लिहिली, आणि त्यांच्या चित्रांत मृत मित्राचा चेहरा काढीत राहिले.

याच सुमाराची एक गोष्ट आपल्या जवळची आहे. १९८६ मध्ये त्यांचे पुत्र संदीप राय यांनी दूरदर्शनसाठी फेलूदाची एक कथा हिंदीत केली. तीत शशी कपूर फेलूदा होते आणि जटायू झाले होते आपले डॉ. मोहन आगाशे. नट उत्तम, पण पुस्तकातील चित्रांवर त्यांचा परिणाम झाला नाही. एकदा दिलेली जागा लेखकाने दुसऱ्याला दिली नाही.

‘सोनार केल्ला’विषयी आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. कादंबरीत खलनायक कोण हे शेवटी उलगडते. चित्रपटात ते सुरुवातीलाच उघडे करून टाकले आहे. चित्रपट पाहायला येणाऱ्या बंगाली मुलांनी पुस्तक वाचलेले असणार, त्यांच्यापासून लपवायचे काय? म्हणून दिग्दर्शकाने लेखकाचे रहस्य काढून घेतले (दोघे एकच गृहस्थ असल्याने भांडण झाले नाही) आणि त्याच्या जागी धास्ती आणली : आपल्याला ठाऊक आहे, फेलूदाला ठाऊक नाही. पुस्तक आणि चित्रपट एकमेकांची नक्कल न करता एकमेकांना पूरक कसे होतात, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. शिवाय त्या सबंध कथेचे मूळ चित्रातच आहे. मुकुल हा लहान मुलगा रात्री उठून मोर, उंट, सोन्याचा किल्ला अशी चित्रे काढीत बसतो आणि त्या चित्रांचा शोध घेत सगळे राजस्थानात जाऊन पोहोचतात. जैसलमेरचा पिवळ्या दगडाचा किल्ला आज बंगाली प्रवासी ‘सोनार केल्ला’ म्हणूनच ओळखतात. कागदावरचे नाव दगडाला चिकटले!

त्यानंतरच्या ‘जय बाबा फेलुनाथ’ (चित्रपट १९७९) मध्ये रुकू नावाचा मुलगा आहे. काशीतील जुन्या वाड्यात दुर्गेची मूर्ती रंगवणारे वृद्ध शशीबाबू काम करीत आहेत आणि रुकू त्यांच्याशी बोलत बसला आहे. त्याच्या लेखी महिषासुर खरा, हनुमान खरा, टारझन खरा, साहसकथांतला कॅप्टन स्पार्क खरा आणि आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधून जो ‘वेताळ’ म्हणून आला तो मुखवटाधारीही खरा. पुराण, चित्रकथा, मूर्ती आणि सिनेमा यांच्यात त्या मुलाला भिंती दिसत नाहीत. मोठ्यांना हे बालिश वाटेल. पण चोरांना न सापडलेला गणपती लपवण्याची जागा या बालिश वाचनातूनच रुकूला सुचते. ती जागा कोणती हे येथे सांगणे, ज्या मुलांनी अजून वाचलेले नाही त्यांच्यावर अन्याय ठरेल.

खेळ मोडतो कधी, हेही सत्यजितबाबूंनी स्वतःच दाखवून ठेवले आहे. १९८० च्या ‘हीरक राजार देशे’मध्ये गुपी आणि बाघा पुन्हा येतात, पण या वेळी एका जुलमी राजाच्या राज्यात. हिऱ्यांच्या खाणींचा हा मालक शाळा बंद करतो, पुस्तके जाळतो आणि विरोधकांची डोकी ‘धुण्याचे’ यंत्र बनवून घेतो. ते यंत्र बनवणारा विक्षिप्त संशोधक म्हणजे पुन्हा आपले संतोष दत्त. या राज्यात जवळजवळ प्रत्येक पात्र यमकांत बोलते. वडिलांच्या ‘आबोल ताबोल’मध्ये जे यमक स्वैर आनंदाचे वाहन होते तेच येथे बेडी झाले आहे : यंत्रात घातलेल्या माणसाच्या डोक्यात राजस्तुतीची दोन ओळींची जुळणी भरायची, आणि बाहेर आल्यावर तो तीच घोकत राहतो. गद्यात बोलतो तो एकटा उदयन पंडित, शाळामास्तर, ज्याची पुस्तके जळताना आपण पाहतो. आणीबाणी उठून तेव्हा तीनच वर्षे झाली होती. हा चित्रपट पाहिला म्हणजे कळते की चित्रे, यमके, रंगीत वेष यांत मुळात पवित्र असे काही नाही. तीच सामग्री मुलाला मोकळे करते आणि तीच त्याला पोपट करते. ‘चित्रे असलेले पुस्तक चांगले की बिनचित्रांचे’ असे विचारणाऱ्या शिक्षकांनी आधी ते पाठ करून घेण्यासाठी दिले आहे की वाचण्यासाठी, हे पाहावे. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांनाही हा प्रश्न चुकलेला नाही.

शेवटी मुंबईची कथा. १९७६ च्या ‘बोम्बाइयेर बोम्बेटे’ या कादंबरीत जटायूंच्या एका पुस्तकावर हिंदी सिनेमा निघतो आहे आणि लेखकमहाशय फेलूदा-तोपशेसह मुंबईला आले आहेत. हिंदी सिनेमाला काय काय लागते याची यादी ऐकून ते बावरतात, धावत्या आगगाडीवरील मारामारीचे चित्रीकरण पाहायला जातात, आणि खोटी मारामारी चालू असताना खरी सुरू होते. पुस्तकातला लेखक, त्याच्या पुस्तकावरचा सिनेमा आणि हे सारे ज्याने लिहिले तो स्वतः सिनेमावाला. तीन आरसे समोरासमोर धरावेत तसे हे झाले आहे. हिंदी सिनेमाची थट्टा यात पुरेपूर आहे, तिरस्कार मात्र कोठे नाही. स्वतः सत्यजितबाबूंनी या कथेचा चित्रपट केला नाही. २००३ मध्ये तो संदीप राय यांनी केला, आणि सिनेमाविषयीच्या पुस्तकाचा सिनेमा झाला. जटायूची भूमिका या वेळी विभू भट्टाचार्य यांनी केली. तो चित्रपट आधी पाहून नंतर पुस्तक हाती घेणारा मुलगा पाने उलटतो तेव्हा त्याला चित्रांत भलताच कोणी जटायू दिसतो, टक्कल असलेला, थोडासा आश्चर्यचकित, आणि हा कोण म्हणून तो विचारतो.